क्राय (नृत्यरचना)

क्राय ही अमेरिकन नृत्यरचनाकार ॲल्विन एली (१९३१–१९८९) यांनी १९७१ साली बसवलेली एकल नृत्यरचना आहे. ज्युडिथ जेमिसन यांनी ती प्रथम ४ मे १९७१ रोजी न्यू यॉर्क शहरातील सिटी सेंटर या नाट्यगृहात सादर केली. रचना तीन भागांची असून तिचा कालावधी सुमारे सोळा मिनिटांचा आहे. एली यांनी ती आपल्या आईला वाढदिवसाची भेट म्हणून रचली. कार्यक्रमपत्रिकेत मात्र ती जगभरच्या कृष्णवर्णीय स्त्रियांना, त्यातही मातांना, अर्पण केलेली आहे. मातृत्व आणि दुसऱ्यांची घरे व मुले सांभाळण्याचे कष्ट यांना नृत्याचा विषय करणाऱ्या विसाव्या शतकातील रचनांमध्ये हिचे स्थान फार वरचे आहे.

नाव

शीर्षकातील इंग्रजी शब्दाला दोन अर्थ आहेत : रडणे आणि मोठ्याने पुकारणे. 'आक्रोश' म्हटले तर पहिलाच अर्थ उरतो, 'हाक' म्हटले तर अश्रू नाहीसे होतात. संतवाङ्मयातील 'टाहो' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा आहे, कारण टाहो फोडणारा रडतही असतो आणि कुणाला तरी बोलावतही असतो. मराठीत या रचनेसाठी रूढ झालेले असे नाव नसल्यामुळे लेखात मूळ नावच वापरले आहे.

पार्श्वभूमी : लुला आणि त्यांचा मुलगा

ॲल्विन एली यांचा जन्म ५ जानेवारी १९३१ रोजी अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या रॉजर्स या लहानशा गावी झाला. जागतिक आर्थिक मंदीचा तो काळ होता. लुला तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. मूल काही महिन्यांचे असतानाच वडील घर सोडून गेले आणि त्यानंतर मायलेकांची भटकंती सुरू झाली. ज्या गावी काम मिळेल त्या गावी राहायचे, काम संपले की पुढचे गाव, असे त्यांचे जीवन होते. लुला कापूस वेचत, लोकांचे कपडे धूत, गोऱ्या कुटुंबांच्या घरी स्वयंपाक व झाडलोट करत. मुलगाही त्यांच्याबरोबर कापसाच्या शेतात जाई. गुडघे टेकून परक्यांच्या घरातील फरशा घासणारी आई आपण लहानपणी पाहिल्याचे एली पुढे सांगत असत. ते पाच वर्षांचे असताना लुला यांच्यावर काही गोऱ्या पुरुषांनी बलात्कार केला. त्या काळच्या दक्षिणेत अशा प्रसंगी कृष्णवर्णीय स्त्रीला न्यायालयाचा आधार मिळण्याची आशा जवळजवळ नव्हती. एली यांच्या मृत्यूनंतर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या घटनेचा उल्लेख आहे.

१९४२ साली मायलेक कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस येथे स्थायिक झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे विमाने बनवणाऱ्या कारखान्यांत मनुष्यबळाची मोठी मागणी होती. लुला यांना लॉकहीड या कंपनीत काम मिळाले. आई कारखान्यात आणि मुलगा शाळेत किंवा घरी एकटा, असा तो काळ होता. याच शहरात एली यांनी बॅले प्रथम पाहिला, कॅथरीन डनहॅम यांच्या कृष्णवर्णीय नर्तकांच्या संचाचा प्रयोग पाहिला आणि शाळासोबती कारमेन डी लाव्हलाड यांच्यामुळे १९४९ मध्ये ते लेस्टर हॉर्टन यांच्या नृत्यशाळेत पोहोचले. १९५३ साली हॉर्टन यांचे निधन झाल्यावर ते न्यू यॉर्कला गेले व १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा नृत्यसंच स्थापन केला. 'रेव्हलेशन्स' (१९६०) या रचनेने त्यांना कीर्ती मिळवून दिली. टेक्ससमधील चर्च, तेथील भजने, बाप्तिस्म्याची नदी आणि उन्हात पंखे हलवत बसलेल्या बायका हे सारे तिच्यात आहे. अशा आठवणींना ते 'रक्तातील स्मृती' म्हणत.

'रेव्हलेशन्स'मध्ये सारे गाव दिसते. 'क्राय'मध्ये त्या गावातील एकच स्त्री उरते.

निर्मिती

१९७० साली एली यांचा संच आर्थिक अडचणीमुळे बंद पडण्याच्या बेतात होता. त्याच वर्षी सोव्हिएत संघाच्या सहा आठवड्यांच्या दौऱ्यात त्याला अपूर्व प्रतिसाद मिळाला आणि परत आल्यावर दिवस पालटले. 'क्राय' त्या पाठोपाठच्या हंगामातील आहे. मुख्य रचना अवघ्या आठेक दिवसांत उभी राहिली. जेमिसन यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे, तालमीत हे नृत्य त्यांनी तुकड्यातुकड्यांनीच केले होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग असे त्यांनी ते पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच, प्रेक्षकांसमोर, प्रथम केले. तीन भागांतून ही स्त्री नेमकी कोठून कोठे जाते, हे एली यांनी त्यांना कधी समजावून सांगितले नाही. जेमिसन यांनी स्वतःपुरता अर्थ लावला : गुलामगिरीच्या हालअपेष्टांतून, जिवलगांच्या वियोगातून आणि घोर निराशेतून पार झालेल्या आपल्या पूर्वज स्त्रिया त्यांना तिच्यात दिसल्या.

जेमिसन (१९४३–२०२४) मूळच्या फिलाडेल्फियाच्या. त्या १९६५ मध्ये एली यांच्या संचात आल्या. पाच फूट दहा इंच उंची, लांबसडक हात आणि अगदी बारीक कापलेले केस यांमुळे तत्कालीन नर्तिकेच्या प्रतिमेत त्या बसत नव्हत्या. हॉर्टन पद्धतीत पाठ सपाट ठेवून कमरेतून वाकणे, एका पायावर तोल सांभाळत धड आडवे ताणणे अशा दीर्घ रेषांना महत्त्व असते. त्या रेषा जेमिसन यांच्या शरीरात विलक्षण उठून दिसत. या रचनेचा विचार त्यांच्या देहयष्टीपासून वेगळा करता येत नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वरूप

रंगमंचावर नेपथ्य नाही. नर्तिकेच्या अंगावर पांढरा घट्ट अंगरखा आणि झालरींचा लांब, घेरदार पांढरा घागरा असतो. सोबतीला एकच वस्तू असते, पांढऱ्या कापडाचा एक लांब पट्टा.

पहिल्या भागात ती हे कापड दोन्ही हातांत ताणून, नैवेद्य आणावा तसे समोर धरून येते. पुढच्या पाच-सहा मिनिटांत त्या कापडाचे जे होते, ते या रचनेचे मर्म आहे. ते जमिनीवर अंथरले जाते. मग ती गुडघ्यांवर बसते आणि त्याच कापडाचे फडके होते. त्याने ती जमीन घासू लागते. लयबद्ध, दोन्ही हातांनी, पाठीतून जोर लावून चाललेले ते घासणे पाहताना हे नृत्य आहे याचा क्षणभर विसर पडतो. पुढे तेच कापड खांद्यावरची शाल बनते, डोक्याला गुंडाळलेले वस्त्र होते आणि त्यासरशी घासणारी मोलकरीण ताठ मानेची राणी होऊन उभी राहते. रूपांतर सांगण्यासाठी वेश बदललेला नाही, प्रकाशाची चमत्कृती नाही. कापड तेच असते आणि बाईही तीच असते. फडके आणि राजवस्त्र यांत फरक कोणी ठरवला, असा प्रश्न प्रेक्षकाला आपोआप पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मातांना अर्पण केलेल्या या रचनेत मूल कुठेच दिसत नाही. भारतीय नृत्यपरंपरेत वात्सल्य दाखवायचे म्हणजे यशोदा आणि कृष्ण हे दोघे हवेतच. नर्तिका एकटी असली तरी तिच्या नजरेतून, बोटांतून आणि ओंजळीतून कृष्ण तेथे उभा राहतो. एली यांची माता कामात आहे आणि मूल तिच्यापाशी नाही. मूल ज्या अंतरावरून आईला पाहते, त्या अंतरावर प्रेक्षक बसलेले असतात. लुला यांच्या मुलाने आईला बहुतेक वेळा असेच, तिच्या कामाच्या वेळी, पाहिले होते.

दुसरा भाग शोकाचा आहे. कापड आता नाही, हात रिकामे आहेत. पोटातून उठणारी कळ आवरावी तसे शरीर आत ओढले जाते, पुन्हा उघडते, हात लांब जातात आणि काही न घेता परततात. पावले पुढे पडतात व अडखळतात. या भागात मोठ्या उड्या नाहीत आणि सर्वांत अवघड तोही हाच मानला जातो, कारण येथे अभिनयाचा अतिरेक झाला की सारे रडगाणे होते.

तिसऱ्या भागात एकाएकी मोकळीक येते. खांदे, कंबर आणि पाय यांची गती वाढत जाते, घागऱ्याच्या झालरी चाबकासारख्या फिरतात, आफ्रिकी लोकनृत्याची आणि चर्चमधील भावविभोर नाचाची पावले एकमेकांत मिसळतात. नर्तिका तोपर्यंत पुरती दमलेली असते आणि हा दम लपवायचा नसतो. सोळा मिनिटे रंगमंचावर तिला विश्रांती नाही, विंगेत जाऊन घोटभर पाणी पिण्याइतकीही नाही. घरकामाचा विषय आणि नर्तिकेचे प्रत्यक्ष कष्ट येथे एक होतात.

संगीत व गीते

एली यांनी या रचनेसाठी नवे संगीत करवून घेतले नाही. त्या वेळी नुकत्याच निघालेल्या ध्वनिमुद्रिकांतून तीन तुकडे निवडले. ही निवड वरवर पाहता विजोड वाटते.

पहिल्या भागाला ॲलिस कोलट्रेन यांची 'समथिंग अबाउट जॉन कोलट्रेन' ही वाद्यरचना आहे. ती 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१) या ध्वनिमुद्रिकेतील असून ध्वनिमुद्रिकेचे नाव स्वामी सच्चिदानंद यांच्यावरून दिलेले आहे. पियानो, सोप्रानो सॅक्सोफोन, बास व तालवाद्यांच्या जोडीला तिच्यात तानपुराही वाजतो. ॲलिस या विख्यात जॅझ वादक जॉन कोलट्रेन यांच्या पत्नी. १९६७ मध्ये पतीचे निधन झाले तेव्हा चार मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांपैकी एका मुलाचे नाव पंडित रविशंकर यांच्यावरून रवी असे ठेवलेले होते. दिवंगत पतीची आठवण म्हणून एका आईने केलेले हे संगीत फरशी घासणाऱ्या आईच्या मागे वाजते. एली यांनी हा योग जाणून जुळवला की सूर ऐकून, हे ठरवण्याचे कारण नाही. तो जुळला आहे एवढे खरे.

दुसऱ्या भागासाठी लॉरा निरो यांचे 'बीन ऑन अ ट्रेन' (१९७०) हे गीत आहे. मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या माणसाचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहिलेल्या व्यक्तीची व्यथा त्यात आहे. निरो गोऱ्या होत्या, न्यू यॉर्कमध्ये वाढलेल्या होत्या. त्या दशकात हेरॉइनने न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांतील कित्येक तरुण गिळले होते आणि त्यांच्यामागे राहिलेल्या आयांना हे गाणे समजावून सांगावे लागले नसते.

तिसऱ्या भागातील 'राइट ऑन, बी फ्री' (१९७०) हे गीत 'द व्हॉइसेस ऑफ ईस्ट हार्लेम' या समूहाने गायलेले आहे. हा हार्लेममधील मुलांचा व तरुणांचा गायकवृंद होता. तीन भाग सलग ऐकले म्हणजे क्रम ध्यानात येतो. काम करणाऱ्या बाईजवळ शब्द नाहीत, शोकाच्या वेळी एकच स्त्रीस्वर आहे आणि अखेरीस पोरांचा जमाव गाऊ लागतो. रंगमंचावर न आलेली मुले शेवटी गाण्यातून येतात, असे यावर म्हणता येईल.

सामाजिक संदर्भ

१९४० च्या सुमारास अमेरिकेत नोकरीधंदा करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया दुसऱ्यांच्या घरी काम करत होत्या. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर व घरकामगार या दोन्ही वर्गांना वगळण्यात आले होते. १९३८ च्या किमान वेतनविषयक कायद्याचे संरक्षणही त्यांना मिळाले नाही. लुला यांनी आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर ही दोन्ही कामे केली. किमान वेतनाचा कायदा घरकामगारांना लागू झाला तो १९७४ मध्ये, म्हणजे 'क्राय'च्या पहिल्या प्रयोगानंतर तीन वर्षांनी. तेव्हाही वृद्ध व आजारी माणसांना सोबत करणाऱ्यांना त्यातून वगळलेच.

कायद्याला न दिसणारी ही स्त्री चित्रपटांत मात्र भरपूर दिसे. धन्याच्या मुलांवर जीव टाकणारी, जाडजूड, हसतमुख, स्वतःचे घरदार नसल्यासारखी वागणारी दाई हे तिचे ठरलेले रूप होते. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधील अशाच भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना ऑस्कर मिळाले; तो पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. त्याच्या उलट टोकाला १९६५ चा मॉयनिहन अहवाल होता. श्रम खात्यातील अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी त्यात स्त्रीप्रधान कुटुंबरचना हे कृष्णवर्णीय समाजाच्या अडचणींचे एक मोठे कारण मानले आणि त्यावर मोठा वाद झाला. एकीकडे मूर्तिमंत माया, दुसरीकडे कुटुंबाच्या ऱ्हासाचे मूळ, अशा दोन चौकटींत ही आई अडकली होती. 'क्राय'ने यांपैकी कशालाही तोंडी उत्तर दिले नाही. तिने तिला काम करताना, कोसळताना आणि आनंदाने नाचताना, तिच्या स्वतःच्या वेळात, दाखवले.

प्रतिसाद आणि मर्यादा

पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी दीर्घकाळ टाळ्यांचा कडकडाट केला. न्यू यॉर्क टाइम्सचे समीक्षक क्लाइव्ह बार्न्स यांनी जेमिसन यांची मुक्तकंठाने स्तुती केली. त्या एका रात्रीने जेमिसन यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

रचनेची एक अडचणही आहे. सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांचा भार एका नर्तिकेच्या खांद्यावर टाकणे हे गौरवाचे असले, तरी तेही एक ओझेच आहे. सोसणारी आणि तरीही न मोडणारी आई या प्रतिमेची पूजा करणे सोपे असते. तिने सोसू नये यासाठी काही करणे अवघड. पहिल्या भागातील फरशी घासण्याचा प्रसंग इतका रोखठोक आहे की त्यामुळे तो धोका बराचसा टळतो. तिसऱ्या भागातील उत्सवामुळे मात्र काही प्रेक्षक दुसरा भाग विसरून जातात.

मातृत्वावरील अन्य नृत्यरचनांशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. इझाडोरा डंकन यांची दोन मुले १९१३ मध्ये पॅरिस येथे सीन नदीत मोटार कोसळून मरण पावली. स्क्रियाबिन यांच्या संगीतावर त्यांनी पुढे केलेल्या 'मदर' या नृत्यात नसलेल्या मुलांना कवेत घेणारी आई आहे. जपानी बुतो नर्तक काझुओ ओनो यांनी 'माझी आई' (१९८१) मध्ये पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आपल्या आईची आठवण स्वतःच्या देहात उभी केली. या दोन्ही रचनांत ममता आहे, मृत्यू आहे. आईची रोजची मजुरी मात्र 'क्राय'मध्येच आहे.

नंतरच्या नर्तिका

जेमिसन १९८० मध्ये संचातून बाहेर पडल्या. तत्पूर्वीच ही भूमिका इतर नर्तिकांकडे जाऊ लागली होती. डोना वुड, रेने रॉबिन्सन, ड्वाना स्मॉलवूड, लिंडा सेलेस्ट सिम्स या त्यांपैकी काही. कधीकधी तीन नर्तिकांनी एकेक भाग वाटून घेऊनही ती सादर झाली आहे. चित्रफिती उपलब्ध असल्या तरी ही रचना मुख्यतः एका नर्तिकेने दुसरीला तालमीच्या दालनात शिकवत आलेली आहे. कापड कोठे पकडायचे, घासताना जोर कोठून आणायचा, या गोष्टी पाहून पुरत्या कळत नाहीत.

एली यांचे १ डिसेंबर १९८९ रोजी एड्सने निधन झाले. त्या काळी या आजाराला मोठा सामाजिक कलंक होता. आईला लोकांचे बोलणे ऐकावे लागू नये म्हणून मृत्यूचे कारण रक्ताचा विकार असे जाहीर करावे, अशी विनंती त्यांनी आपल्या डॉक्टरांना केली होती आणि त्याप्रमाणे ते जाहीर झाले. लुला मुलाच्या मागे हयात होत्या.

एली यांच्यानंतर संचाची सूत्रे जेमिसन यांच्याकडे आली व २०११ पर्यंत त्यांनी ती सांभाळली. या काळात 'क्राय' करणाऱ्या तरुण नर्तिकांना त्या स्वतः मार्गदर्शन करत. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी शहरातील व्हिटनी संग्रहालयात एली यांच्या जीवनकार्यावरील मोठे प्रदर्शन चालू होते.